थरमधील तीन सकाळी : समजवळच्या एका घरगुती निसर्गनिरीक्षण सेवेचे परीक्षण

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझी थोरली बहीण आणि मी राजस्थानातल्या थर वाळवंटात, जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या सम गावाच्या परिसरात तीन दिवस राहून आलो. तिथल्या एका कुटुंबाने आपल्या घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत आणि घरातले थोरले भाऊ पाहुण्यांना स्वतःच्या गाडीतून पक्षी, सरडे व फुले दाखवायला नेतात. या सेवेविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. कुटुंबाचे आणि वस्तीचे नाव मात्र मी देत नाही, कारण त्यांनी दाखवलेल्या सांड्यांच्या, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्यांच्या, बिळांची जागा त्या नावावरून कोणालाही शोधता येईल, आणि सांड्याच्या तेलाचा चोरटा धंदा अजून संपलेला नाही. अशी सेवा देणारी घरे त्या भागात आणखीही आहेत. त्यांतले चांगले घर कसे पारखावे, हे ज्यांना तिकडे जायचे आहे त्यांना या लेखातून कळावे, अशी माझी इच्छा आहे.

सहलीचा काळ कोणता असावा, हे त्या भाऊंनीच ठरवले असे म्हणायला हवे. मी फोनवर जानेवारीच्या तारखा मागितल्या तेव्हा ते म्हणाले, "जनवरी में पंछी बहुत मिलेंगे, पर सांडा सोया रहेगा. और बाईसा को फूल देखने हैं ना?" हिवाळ्यात थरमध्ये पाहुण्या पक्ष्यांची रेलचेल असते, पण सांडा बिळाचे तोंड बंद करून आत निजलेला असतो. मे महिन्यात सरडे हवे तेवढे दिसतात, पण तोवर पाहुणे पक्षी परतलेले असतात आणि दुपारचे ऊन माणसाला उघड्यावर उभे राहू देत नाही. जमिनीलगतची बारीक फुले तर पाऊस पडल्यानंतरच येतात. मार्चचा पहिला पंधरवडा ही या सगळ्यांच्या मधली वेस आहे. रणगोजे (व्हीटिअर) हे पाहुणे पक्षी अजून निघालेले नसतात, सांडे बाहेर येऊ लागलेले असतात आणि रोहिडा, फोग व केर फुललेले असतात. आपल्याला नेमके काय पाहायचे आहे हे विचारून, त्याप्रमाणे आपण मागितलेल्या तारखांचे आरक्षण नाकारणारा मार्गदर्शक मला यापूर्वी भेटला नव्हता.

यापूर्वीचा अनुभव इथे सांगणे भाग आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका प्रवासी संस्थेबरोबर याच भागात आलो होतो. त्या वेळी चालकाने चिंकाऱ्यांच्या कळपामागे गाडी घातली आणि चिंकारे धापा टाकेपर्यंत त्यांना पळवले. कोणीतरी सांडा पाहायचा आहे असे म्हणताच त्याने गाडीतला पाण्याचा कॅन काढून सरळ बिळात ओतला. सांडा भिजून, धडपडत बाहेर आला. त्याची शेपटी धरून चालकाने तो उंच उचलला आणि आम्ही सहा जणांनी त्याची छायाचित्रे काढली. शिकारीही नेमके असेच करतात, हे मला नंतर कळले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांड्याला संरक्षण दिलेले आहे. त्या दिवशी मी गप्प राहिलो याचे मला आजही वाईट वाटते आणि ती छायाचित्रे मी कोणाला दाखवलेली नाहीत. म्हणून या वेळी सेवा निवडताना मी चार ठिकाणी फोन केले आणि चारही ठिकाणी एकच प्रश्न विचारला : सांडा कसा दाखवाल? तिघांनी "दाखवतोच, काळजी करू नका" अशी खात्री दिली. चौथ्यांनी सांगितले, "वो जब निकलेगा तब दिखेगा, हुकम." आम्ही त्यांच्याकडेच गेलो.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात, पण 1980 मध्ये घोषित झालेल्या आणि सुमारे 3,162 चौरस किलोमीटर पसरलेल्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये टेकड्या हा केवळ एक भाग आहे. उरलेला प्रदेश म्हणजे खडकाळ, मुरमाड माळ आणि सेवण गवताची कुरणे. बहुतेक पक्षी या माळांवर आणि कुरणांत राहतात. पहिल्या सकाळी भाऊ आम्हाला टेकड्यांकडे पाठ करून एका ओसाड माळावर घेऊन गेले, तेव्हा ताई थोडी हिरमुसली. समोर गवताची काडीही नव्हती. सूर्य पाठीशी येईल अशा बेताने त्यांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि आम्ही बसून राहिलो. दहा मिनिटांनी त्याच माळावरचा एक दगड पळाला. तो क्रीम कलर्ड कोर्सर होता. आपल्याकडच्या माळरानांवर जो धाविक पक्षी दिसतो त्याचाच हा वाळूच्या रंगाचा भाऊबंद. हा पक्षी चार पावले धावतो, थबकतो, मान ताठ करतो आणि थबकताच जमिनीत असा मिसळून जातो की दुर्बिणीतूनही पुन्हा शोधावा लागतो. एक दिसल्यावर दुसरा दिसला, मग एकूण सात मोजले. गाडी जराही हलली नाही म्हणून ते चारा टिपत आमच्याकडेच सरकत आले, आणि शेवटी 400 मिलीमीटरच्या भिंगात त्यांच्या डोळ्यामागची काळी-पांढरी रेघ स्वच्छ मिळू लागली.

त्याच माळावर हुपू लार्क या मोठ्या चंडोलाचे उड्डाण पाहायला मिळाले. जमिनीवर तो लांब, किंचित बाकदार चोचीचा, मातकट रंगाचा साधा पक्षी दिसतो. नर मात्र मध्येच शीळ घालत सरळ वर चढतो, उंची गाठल्यावर पंख पसरून गिरक्या घेत खाली येतो, आणि त्या क्षणी पंखांतला काळा-पांढरा पट्टा असा उघडतो की हा मघाचाच पक्षी आहे यावर विश्वास बसत नाही. माझी पहिली तीन छायाचित्रे वाया गेली, कारण मी पक्ष्याचा पाठलाग कॅमेऱ्याने करत होतो. भाऊंनी सुचवले की तो प्रत्येक वेळी त्याच झुडपाशी उतरतो, तेव्हा कॅमेरा झुडपावर रोखून ठेवा. चौथ्या उड्डाणाला छायाचित्र मिळाले. ते स्वतः कॅमेरा वापरत नाहीत, परंतु पक्षी पुढे काय करणार आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि छायाचित्रकाराला दुसऱ्याकडून हवी असलेली मदत याहून वेगळी नसते.

या सेवेचा कस लागला तो दुसऱ्या दिवशी, सांड्याच्या माळावर. आम्ही साडेआठलाच पोहोचलो. जमीन कडक होती आणि त्या भागात तीस-चाळीस बिळे सहज असतील, पण बहुतेकांची तोंडे आतून मातीने बुजवलेली होती. भाऊंनी एका बिळापासून सुमारे दहा मीटरवर गाडी लावली. मग एक तासाहून अधिक काळ काहीच घडले नाही. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बुजवलेल्या मातीला बारीक तडा गेला, एक ढेकूळ आतून सरकले आणि त्या फटीत एक बोथट नाक दिसू लागले. नाक दिसल्यापासून खांदे बाहेर यायला आणखी बारा मिनिटे लागली. बाहेर आलेला सांडा सुरुवातीला काळपट राखाडी होता. अंग जमिनीला चिकटवून, सूर्याकडे बाजू करून तो पडून राहिला आणि जसजसा तापत गेला तसतसा त्याचा रंग उजळत जाऊन शेवटी वाळूसारखा पिवळसर झाला. शेपटीवरच्या काट्यांची वलये एकेक मोजता येत होती. मग तो उठला, चार पावले चालून एका खुरट्या झुडपाची कोवळी पाने खाऊ लागला. हा सरडा मुख्यत्वे शाकाहारी आहे हे मी वाचले होते, परंतु पान तोडताना त्याने मान जरा तिरकी केली, शेळी करते तशी, ते पाहताना मी छायाचित्र काढायचे विसरलो. थोड्या वेळाने वरून गरुडाची सावली गेली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सांडा बिळात होता, डोके आत आणि काटेरी शेपटी बिळाच्या तोंडाशी.

छायाचित्रणाच्या दृष्टीने इथे एक अडचण आहे आणि ती समजून घेतली नाही तर सगळी मेहनत फुकट जाते. सांडा जमीन तापल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि जमीन तापली की हवा थरथरू लागते. साडेनऊ-दहानंतर पन्नास मीटरवरच्या कोणत्याही विषयाचे छायाचित्र, भिंग कितीही महागाचे असले तरी, पाण्याखालून काढल्यासारखे येते. त्यावर उपाय एकच : अंतर कमी ठेवणे. अंतर कमी ठेवायचे तर सरडा बाहेर येण्याआधीच आपण तिथे असायला हवे, कारण बाहेर आलेल्या सांड्याकडे गाडी नेली की तो बिळात जातो. म्हणजे ज्या तासाभरात काहीच घडले नाही असे मी वर लिहिले, त्या तासाचेच फळ म्हणजे मला मिळालेले सांड्याचे छायाचित्र. खिडकीतून काढल्यामुळे ते किंचित वरून आले आहे, हा तोटा खरा. पण त्यातल्या डोळ्याच्या पापणीवरचा वाळूचा कणही दिसतो.

टोड-हेडेड अगामा या सरड्याची गोष्ट वेगळी. 1971 च्या लढाईमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या लोंगेवाला या ठाण्याचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. आर. सी. शर्मा यांनी 1978 मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, आणि भारत-पाकिस्तानातल्या थर वाळवंटाबाहेर तो कुठेही आढळत नाही. हा बोटाएवढा सरडा वाळूच्या टेकड्यांवर राहतो, त्यामुळे तिथे गाडी उपयोगाची नाही, पायीच जावे लागते. भाऊंनी आम्हाला एकामागोमाग एक, त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवून चालायला लावले. एका ठिकाणी ते खाली बसले आणि हाताने नाही, नजरेने दाखवले. मला वाळूखेरीज काहीही दिसेना. ताईला आधी दिसला. आम्ही पोटावर पडून सरकू लागलो तसा त्याने अंगाच्या दोन्ही बाजू इतक्या भरभर थरथरवल्या की खालची वाळू बाजूला होऊन तो जागच्या जागी बुडाला. तीन सेकंदांत फक्त डोळे आणि नाकपुड्या वर उरल्या. तेवढे छायाचित्र घेतल्यावर मी भाऊंना विचारले की वाळू किंचित बाजूला केली तर पूर्ण सरडा मिळेल का. त्यांनी नकार दिला आणि आवाज न चढवता सांगितले की आता तो निवांत आहे, त्याला तसाच राहू द्यावा. पैसे देणाऱ्या पाहुण्याला असे स्पष्ट नाही म्हणणे सोपे नसते. या सेवेला मी जे गुण देतो आहे त्यांतले निम्मे त्या एका नकाराचे आहेत.

फुलांचा भाग माझ्या बहिणीचा. तिने पंचवीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे आणि झाड दिसले की तिचा पाय तिथून निघत नाही. रोहिडा हे राजस्थानचे राज्यफूल. गावाबाहेर एकाच बांधावर त्याची तीन झाडे होती, एक पिवळ्या फुलांचे, एक केशरी आणि एक लालसर, आणि तिन्हींची जात एकच. फुलांतल्या मधासाठी पांढऱ्या गालाचे बुलबुल आणि सूर्यपक्षी इतकी झुंबड करत होते की पक्षी आणि फुले एकाच चौकटीत मिळवायला वेगळे कष्ट पडले नाहीत. केर म्हणजे आपल्याकडे कोरड्या माळांवर दिसणारी नेपती. तिच्या पानविरहित हिरव्या काटक्यांवर विटकरी फुले लगडली होती. ताई सर्वांत जास्त रमली ती फोगच्या झुडपापाशी. लांबून ते वाळलेल्या काटक्यांचा भारा वाटते. गुडघ्यांवर बसून, शंभर मिलीमीटरच्या मॅक्रो भिंगातून पाहिले की त्या काटक्यांच्या पेरापेरांवर गुलाबी-पांढरी, करंगळीच्या नखाहूनही लहान फुले आणि त्यांतले तांबडे परागकोश दिसू लागतात. वारा सतत वाहत असल्याने फांदी हलायची. भाऊंनी आपला साफा सोडून आडोसा धरला आणि ताईने अर्धा तास एकाच फांदीवर घालवला. त्या रात्री जेवणात फोगच्या कळ्यांचे रायते होते. घरातल्या काकीसांनी कळ्या कशा झटकून गोळा करतात, वाळवतात आणि दह्यात कालवतात हे ताईला सविस्तर सांगितले.

इथे सेवेतली एक उणीव नोंदवायला हवी. भाऊंना प्रत्येक झाडाचे मारवाडी नाव आणि उपयोग तोंडपाठ आहे : बुईचा कापूस पूर्वी उशांत भरत, खींपाच्या काटक्यांनी झोपड्या शाकारत. पण शास्त्रीय नावे त्यांच्याकडे नाहीत आणि घरात वनस्पतींचे एकही पुस्तक नाही. पक्ष्यांची इंग्रजी नावे त्यांना उत्तम येतात, त्यामुळे हा फरक विशेष जाणवतो. ताईने निघताना वहीत बावीस झाडांची यादी, तिथले नाव, मराठी नाव आणि शास्त्रीय नाव अशी करून दिली. फुलांसाठीच जाणाऱ्यांनी स्वतःची पुस्तके बरोबर न्यावीत.

तिसऱ्या सकाळी माळढोक पाहण्यासाठी डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीच्या राखीव भागात गेलो. परवान्याची सगळी व्यवस्था त्यांनी आधीच केली होती. मी मूळचा सोलापूरचा. लहानपणी वडिलांच्या सायकलवर बसून नान्नजच्या माळावर मी पहिला माळढोक पाहिला. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो तिथला राज्यपक्षी आहे. जगात रानात मोकळे राहणारे हे पक्षी जेमतेम दीडशे उरले असून, त्यांतले बहुसंख्य या एका जिल्ह्यात आहेत. सेवण गवतातून एक मादी सावकाश चालत गेली. अंतर तीनशे मीटर तरी असेल. भाऊंनी गाडी पुढे घेतली नाही आणि मीही घ्या म्हटले नाही. छायाचित्रात ती राखी मानेची, गवतात अर्धी बुडालेली आकृती आहे, बाकी थरथरती हवा. माझ्याजवळच्या थरच्या सगळ्या छायाचित्रांत मला तेच अधिक प्रिय आहे. परतीच्या वाटेवर, राखीव भागाच्या बाहेर, क्षितिजभर उच्चदाब वाहिन्या दिसतात. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो तारांवर आदळून मरतो. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता, मार्च 2024 मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. भाऊंनी पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून त्यांवर लावलेल्या फिरत्या चकत्या दाखवल्या, त्यांतल्या कोणत्या गळून पडल्या आहेत तेही दाखवले, आणि पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आता सोयींविषयी. गाडी जुनी पण धडधाकट आहे. मात्र मागच्या एका खिडकीची काच अर्धीच खाली जाते, त्यामुळे तिथे बसणाऱ्याला भिंग टेकवता येत नाही. दोन छायाचित्रकार असतील तर बुकिंगच्या वेळीच ही अडचण बोलून घ्यावी. खिडकीवर ठेवायची वाळूची पिशवी त्यांच्याकडे नाही. आम्ही रिकामी कापडी पिशवी नेली होती, ती काकीसांनी बाजरीने भरून दिली. बारीक वाळू सगळीकडे शिरते, म्हणून उघड्यावर भिंग बदलू नये, शक्य असेल तर दोन कॅमेरे न्यावेत आणि रात्री फुंकणीने धूळ उडवल्याशिवाय काच पुसू नये. फिकट वाळूमुळे कॅमेरा फसतो व छायाचित्र काळवंडते, तेव्हा एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉपने वाढवून ठेवावे. पहिल्या दिवशी चहा उशिरा झाल्याने आम्ही सूर्योदयानंतर वीस मिनिटांनी निघालो आणि कोवळा प्रकाश हुकला. तसे सांगितल्यावर पुढचे दोन दिवस पाच वाजता चहा तयार होता. वीज संध्याकाळी जाते, म्हणून बॅटऱ्या दुपारीच भारून घ्याव्यात.

खोल्या साध्या आणि स्वच्छ आहेत. बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची भाजी आणि ताक हे जेवण आम्हा दोघांनाही मानवले. तीन रात्री, गाडी, मार्गदर्शन आणि जेवण मिळून दोघांचे 27,000 रुपये झाले, परवान्याचे शुल्क वेगळे. आसपासच्या तंबूंच्या मुक्कामांशी तुलना केली तर ही रक्कम जास्त वाटेल. परंतु तिथल्या दरात उंटाची फेरी आणि रात्रीचा नाच असतो, आणि इथे एका माणसाचे तीन पूर्ण दिवस आपल्याला मिळतात. मला ती रक्कम वाजवी वाटली. एक मात्र सांगून ठेवतो : ज्यांना एका दिवसात अमुक इतक्या जाती पाहायच्याच असतात, त्यांचे आणि भाऊंचे जमणार नाही. तीन दिवसांत आमची यादी 61 पक्ष्यांवर थांबली. घाई केली असती तर ती वाढली असती, पण सांड्याच्या बिळाशी घालवलेली सकाळ हातातून गेली असती.

जमिनीलगतची फुले आमची पाहायची राहिली. सराट्याची पिवळी फुले, वाळूवर पसरणारे इंद्रावणाचे वेल, पावसानंतर आठ-दहा दिवसांत उगवून फुलणारी बारीक तणे ही सगळी ताईला पाहायची आहेत. वर्षाला जेमतेम 200 मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या त्या प्रदेशात आगाऊ तारीख ठरवता येत नाही, म्हणून भाऊंनी बयाणा घेतला नाही. चांगला पाऊस झाला की ते फोन करणार आहेत आणि फोन आल्यापासून आठवड्याच्या आत आम्ही निघायचे, असे ठरले आहे. ताईने मॅक्रोचे भिंग आणि वही एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवली आहे.